बर्फावरची सासरेबुवांची जागा

नॉर्बी गावातली पाण्याची जुनी टाकी पाडायची की ठेवायची, हे ठरवायला जी सभा भरली, तिला अख्खं गाव लोटलं होतं आणि बोलत मात्र कुणीच नव्हतं. एरवी नगर परिषदेच्या सभेला सहा माणसं येतात, त्यांतली चार परिषदेचीच. त्या दिवशी मागच्या भिंतीला टेकून लोक उभे होते. जानेवारीचा महिना, बाहेर नाक गळून पडेल अशी थंडी, आणि आत जाड कोटांत घामाघूम झालेली माणसं एकमेकांच्या नजरा चुकवत बसलेली.

"टाकी गंजलीय. नवी सुरू झालीय. जमीन गोठलेली आहे तोवर क्रेन नीट उभी राहील, म्हणून पुढच्या सोमवारी पाडायची," अध्यक्षबाई म्हणाल्या. "कुणाची हरकत?"

व्हर्लिन टोस्टरुडची हरकत होती. व्हर्लिन हा गावातला विम्याचा एजंट. पोटात गोष्ट ठेवणारा माणूस म्हणून गाव त्याला ओळखायचं आणि त्याला स्वतःला याचा भारी अभिमान होता. तो उठला, घसा खाकरला.

"टाकीला इतिहास आहे," तो म्हणाला.

"कोणता?"

"बराच," व्हर्लिन म्हणाला आणि खाली बसला.

मग त्याचा शेजारी ड्वेन कोपिश उठला. टाकीचा रंग फार छान आहे, असं त्याचं म्हणणं पडलं. टाकीचा रंग उडून जमाना झाला होता. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंनी कबुतरांचं काय होणार असं कळवळून विचारलं. नॉर्बीत कबुतरं नाहीत. एवढी चर्चा झाल्यावर ठराव एकमताने मंजूर झाला, आणि हात वर करताना कित्येकांचे डोळे भरून आले होते.

त्याचं असं आहे, की हिवाळ्यात अख्खं नॉर्बी तळ्याच्या बर्फाला भोकं पाडून त्यांतून गळ टाकतं, आणि गोठलेलं तळं म्हणजे मैलोन्‌मैल पांढरं सपाट ताट. त्यात आपल्याला मासे लागणारी जागा पुन्हा सापडायची, तर काठावरच्या दोन वस्तू एका रेषेत आणाव्या लागतात, आणि नॉर्बीच्या काठावर सगळ्यांत लांबून दिसणारी वस्तू म्हणजे ही टाकी. प्रत्येकाची जागा त्या टाकीच्या जिवावर. पण हे बोलून दाखवणं म्हणजे आपल्याला जागा आहे हे कबूल करणं. दुसरा लगेच विचारणार, टाकी कशाच्या रेषेत? नॉर्बीतला माणूस एक वेळ आपला पगार सांगेल, बायकोचं वजन सांगेल, पण मासे कुठे लागतात ते मेला तरी सांगणार नाही.

व्हर्लिनची अडचण आणखी मोठी, कारण जागा त्याची नव्हतीच. ती त्याच्या सासऱ्यांची, सेल्मर बाक्केन यांची. तळ्यावर सेल्मरएवढे मासे कुणाला लागत नसत. लग्नाच्या दिवशी, चर्चच्या तळघरात पाहुण्यांची कॉफी आणि केक चालू असताना, त्यांनी जावयाला कोट टांगायच्या खोलीत ओढलं होतं. चर्चचा कळस टाकीच्या पोटात घुसला की थांबायचं, मग ती रेषा न सोडता, डावीकडचं डेअरीचं धुराडं वठलेल्या पाइनमागे लपेपर्यंत चालायचं. "ही माझ्या बापाची जागा. तुझ्या तोंडून हे कुणाच्या कानावर गेलं, तर तू माझा जावई नाहीस," असं म्हणून त्यांनी त्याच्या पाठीत एक थाप मारली. लग्नात व्हर्लिनला सासरकडून एवढंच मिळालं.

त्याने ते प्राणपणाने सांभाळलं. दर शनिवारी आधी उलट्या दिशेला जायचं, बेटाला वळसा घालायचा, भलत्याच ठिकाणी गळ टाकून बसल्याचं नाटक करायचं आणि मग जागेवर यायचं. एवढं करून वीसेक हिवाळ्यांत त्याला बोटाएवढे पर्च मासे मिळाले आणि एकदा कुणाचा तरी हातमोजा. सेल्मर बरोबर असले तर त्यांच्याही गळाला काही नाही. "आज माशांचं मन नाही," ते म्हणायचे. व्हर्लिनला वाटायचं, आपल्या हातातच काहीतरी खोट आहे, ती बरोबरच्या माणसालाही बाधते. जागेवर शंका घ्यायची त्याची छाती झाली नाही.

घरात मासे असायचे ते वेगळ्याच वाटेने यायचे. बायको ॲर्डिस दर गुरुवारी चर्चच्या बायकांबरोबर गोधड्या शिवायला जायची आणि येताना वॉलआय माशाचे जाड जाड तुकडे घेऊन यायची. त्या बायकांतल्या मार्लिसच्या नवऱ्याला फार लागतात म्हणे. चर्चच्या जेवणाला ते तळून नेले की लोक व्हर्लिनकडे बघून डोळे मिचकावत, आणि व्हर्लिन विनयाने खाली बघे. खाली बघणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे, असं त्याचं एजंट म्हणून ठाम मत होतं.

आता सोमवारी टाकी जाणार. त्यात पुढच्या शनिवारी सेल्मरचा वाढदिवस, अठ्ठ्याऐंशीवा. डोळे जवळजवळ गेलेले, मुक्काम वृद्धाश्रमात, आणि त्यांनी फर्मान काढलेलं, की या वाढदिवसाला मला बर्फावर न्या, व्हर्लिनशी बोलायचंय. न्यायचं कुठे, तर जागेवर. आणि टाकीशिवाय जागा शोधायची कशी? त्या काळी खिशातल्या फोनला नकाशे समजत नसत. व्हर्लिनने ठरवलं, जीपीएसचं यंत्र घ्यायचं, आणि टाकी उभी आहे तोवर जागेवर जाऊन तिची खूण त्यात साठवायची.

तो लव्हॉनच्या दुकानात गेला. लव्हॉन गळ, बर्फाला भोक पाडायची गिरमिटं, दोऱ्या आणि आमिषाची जिवंत मासळी विकायची. तिच्याकडे हातात धरायची तीन यंत्रं होती.

"कशासाठी हवंय?" तिने विचारलं.

"ग्राहकांची घरं शोधायला."

"हो ना," लव्हॉन चेहरा न हलवता म्हणाली. "काल ऑर्गनवाल्या बाई येऊन गेल्या. त्यांनाही कबुतरांची घरं शोधायचीयत. तिन्ही घेऊन जा, शनिवार-रविवार वापरून बघ. पटेल ते ठेव, बाकीची परत आण. चालू असलं की तू जाशील तिथे मागे ठिपक्यांची रांग काढत जातं, मुंग्यांसारखी. आणि खोक्यातलं सगळं परत खोक्यात हवं. सगळं म्हणजे सगळं."

शंभर टक्के पारखून घेतल्याशिवाय मोजेही न घेणारा हा माणूस. त्याने तिन्ही यंत्रं स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडली न मांडली तोच ड्वेन दारात हजर. त्याला मोजपट्टी हवी होती. त्याची स्वतःची मोजपट्टी त्याच्या कमरेलाच लटकत होती.

"मासेमारीला?" ड्वेनने यंत्रांकडे बोट केलं.

"छे! ग्राहकांसाठी."

"ग्राहकांसाठी. बरोबर. मग जाड हातमोजे घालून बटणं दाबता येतात का बघ. ग्राहकांकडे थंडी असते."

"असते खरी."

"आणि साध्या बॅटऱ्या घालू नकोस, गारठल्या की मान टाकतात. लिथियमच्या घे. पडद्यावरची अक्षरंही थिजतात, म्हणून यंत्र रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवून बघ. म्हणजे, ग्राहकाने तुला फ्रीझरमध्ये बोलावलंच तर."

हा अपमान आहे की सल्ला, हे व्हर्लिनला ठरवता येईना. त्याने राग गिळला आणि सल्ला घेतला. सकाळी ॲर्डिसने वाटाणे काढायला फ्रीझर उघडला, तर हरणाच्या मटणामागून कुणीतरी पीं पीं करत होतं. तिच्या किंकाळीने व्हर्लिन अर्धी दाढी करून धावत आला.

"हे काय आहे?"

"परीक्षा चालू आहे."

"माझ्या वाटाण्यांत? आणि हे ओरडतंय कशाला?"

"त्याला उपग्रह सापडत नाहीयेत."

"फ्रीझरमध्ये कुठून सापडणार? काढ ते! तिन्ही काढ!"

दुपारी सेल्मर जेवायला होते. दर रविवारी ते येत आणि स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी त्यांच्या ठरलेल्या खुर्चीत कॉफीचा कप घेऊन बसत. दिसत काही नव्हतं, तरी खुर्ची तीच लागे. हे तळ्याकाठचं घर घ्यायचा हट्टही त्यांचाच होता. जेवताना व्हर्लिनने चुकून एक यंत्र बंद केलं. बंद होताना त्यातून तीन सूर निघत, एकाखाली एक उतरत जाणारे.

सेल्मरचा काटा हवेत थांबला. "कुणी कोंबडीचा गळा दाबला?"

"नवीन घड्याळ आहे," व्हर्लिन म्हणाला. ॲर्डिसने त्याच्याकडे असं बघितलं की तो उरलेलं जेवण मान खाली घालून जेवला.

जेवण झाल्याबरोबर तो बेटाला वळसा घालून जागेवर पोचला. टाकी अजून उभी होती. चर्चचा कळस तिच्या पोटात घुसला, धुराडं पाइनमागे लपलं. त्याने पहिलं यंत्र काढलं. त्याच्यावरची अक्षरं इतकी सावकाश उमटत होती, की नाव लिहून होईपर्यंत त्याच्या मिशांवर बर्फ धरलं. दुसऱ्याला बटणंच नव्हती, पडद्याला बोट लावायचं होतं. हातमोजा काढायची हिंमत होईना, म्हणून त्याने नाक लावलं. पहिल्या दाबाला यंत्राची भाषा बदलून पोर्तुगीज झाली. सात-आठ वेळा नाक घासल्यावर कुठे खूण साठवली गेली. तिसरं पिवळं, ठोकळ्यासारखं, मोठ्या बटणांचं, ते झटक्यात चाललं. तेच घ्यायचं त्याने ठरवलं. आणि उद्या घोळ नको म्हणून तिन्ही यंत्रांत, व्यवस्थित माणसाला शोभेल असं, एकच नाव दिलं होतं: "सेल्मर गुप्त".

परत करताना लव्हॉनने खोकी उघडून कसून तपासणी केली. एका यंत्राची मनगटात अडकवायची दोरी नव्हती. व्हर्लिन घरी गेला, गाडीच्या सीटखाली पालथा पडून शोधलं, कोटाची अस्तरं उसवली. शेवटी दोरी वाटाण्यांच्या पिशवीत सापडली. ती जिथल्या तिथे बांधून, खोक्यातलं सगळं खोक्यात घालून त्याने दोन्ही यंत्रं लव्हॉनच्या हवाली केली. दोरी, बॅटऱ्यांचं झाकण, माहितीपत्रक, सगळं होतं. यंत्राच्या पोटात काय राहिलंय ते बघायचं असतं, हे ना त्याला सुचलं, ना लव्हॉनने विचारलं.

सोमवारी टाकी पडली. पुरुष माणसं टोप्या काढून उभी होती. त्या आठवड्यात लव्हॉनकडची ती दोन यंत्रं एका घरून दुसऱ्या घरी फिरत राहिली. प्रत्येकाला ग्राहकांसाठी, कबुतरांसाठी, नाहीतर आजारी मावशीसाठी नुसतं वापरून बघायचं होतं.

शनिवारी ॲर्डिसने बर्फावरून धावणारी स्नोमोबाइल चालवली. मागे दोरीने बांधलेल्या घसरगाडीत सेल्मर आणि व्हर्लिन ब्लँकेटं पांघरून बसले. पिवळं यंत्र हातात धरून व्हर्लिन ऐटीत दिशा सांगत होता. डावीकडे, आणखी डावीकडे, आता सरळ. बेटाचं टोक ओलांडलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

जागेवर गाव वसलं होतं! लाल तंबू, निळे तंबू, चाकांवरच्या खोल्या, एका खोलीच्या धुराड्यातून निघणारा धूर, चार ठिकाणी बर्फात घुसणारी गिरमिटं. ऑर्गनवाल्या बाई आरामखुर्चीत गळ टाकून बसल्या होत्या. अगदी मधोमध ड्वेन शेगडीवर सॉसेज भाजत होता. व्हर्लिनला बघताच त्याने चिमटा उंचावला.

"अरे, व्हर्लिन! तूही इथेच? काय योगायोग!"

व्हर्लिनचा जबडा उघडा पडला तो मिटेना. ड्वेनच्या मनगटाला एक यंत्र लटकत होतं, त्याच वाटाण्यांतल्या दोरीने. सगळं त्याच्या ध्यानात आलं आणि पायाखालचं तीन फुटी बर्फ सरकल्यासारखं वाटलं.

"का थांबलो?" सेल्मरनी विचारलं. मग कान टवकारले. "किती आहेत रे?"

"काय किती?"

"माणसं."

"दोन... तीन..."

"चार गिरमिटं तर मलाच ऐकू येतायत. आणि सॉसेज." म्हाताऱ्याने मान वळवली. "व्हर्लिन, आपण जागेवर आहोत ना?"

विम्याच्या धंद्यात अशा वेळी बोलायची पुष्कळ वाक्यं असतात. व्हर्लिनला एकही आठवेना. "हो," तो म्हणाला. "सेल्मर, तोंडाने मी कुणाला काही सांगितलं नाही. देवाशपथ! पण यंत्रात साठवलं, आणि ते यंत्र परत दिलं, आणि पुसायचं राहिलं. नावही लिहिलं होतं. तुमचं." त्याने पिवळं यंत्र कोटाच्या आतल्या खिशात कोंबलं. "माझ्या हातून तुमची जागा गेली. मला फार वाईट वाटतंय."

सेल्मरचे खांदे हलायला लागले. व्हर्लिनला वाटलं, म्हातारा रडतोय. मग लक्षात आलं, हसतोय. ब्लँकेट तोंडात कोंबून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसतोय.

"कुणाला लागलं का काही? विचार तरी!"

"ड्वेन!" ॲर्डिसने हाक मारली. "लागतंय का?"

"वाईट नाही," ड्वेन म्हणाला. नॉर्बीत याचा अर्थ, काहीसुद्धा नाही.

"लागणार कसं?" सेल्मर व्हर्लिनच्या कानाशी आले. "ही जागाच नव्हे. खाली नुसता चिखल आहे. माझ्या बापालासुद्धा इथे कधी काही लागलं नाही."

व्हर्लिनला शब्द ऐकू आले, अर्थ पोचायला वेळ लागला. "नव्हे? म्हणजे... वीस वर्षं?"

"लग्नाच्या दिवशी खरी जागा कोण सांगतं? म्हटलं, एक हिवाळा बघू. तुझ्या तोंडून फुटली तर गावभर लगेच कळेल. पण तू बोललाच नाहीस. दुसऱ्या हिवाळ्यातही नाही. मग इतकी वर्षं झाली, की सांगायचीच लाज वाटायला लागली. आपल्या लोकांना असलं काही तोंडावर बोलता येत नाही रे."

"पण तुम्ही इथे माझ्याबरोबर बसायचात! तासन्‌तास!"

"काय करणार? गुपित ठेवायचं म्हणजे हाल होतातच. आज खरं सांगायचं ठरवून आलो होतो. आणि नेमका आज तू गाव गोळा केलंस."

व्हर्लिनने बायकोकडे बघितलं. ती स्नोमोबाइलच्या आरशात आपली टोपी नीट करत होती. अचानक त्याच्या डोक्यात काहीतरी लखकन चमकलं.

"ॲर्डिस, मार्लिसचा नवरा..."

"त्याला पाण्याची भीती वाटते," ॲर्डिस म्हणाली. "तळ्याच्या बाजूलाही फिरकत नाही तो."

"मग गुरुवारी गोधड्या?"

"गोधडी एक झालीय. सात वर्षांत."

बायकोने पकडलेल्या माशांवर आपण वर्षानुवर्षं विनयाने खाली बघत आलो, हे व्हर्लिनला फार लागलं. इतका अपमान त्याचा कुठल्या ग्राहकाने केला नव्हता.

"बाबा, न्यायचं याला?" ॲर्डिसने विचारलं.

सेल्मरनी व्हर्लिनची टोपी चाचपली. "ने. पण डोळ्यांवर टोपी ओढ त्याची. हनुवटीपर्यंत."

अशा रीतीने नॉर्बीतला एक प्रतिष्ठित विमा एजंट लोकरीच्या टोपीत तोंड खुपसून, ड्वेन कोपिश आणि चार तंबू बघत असताना, घसरगाडीत बसून निघाला. गाडी वळत होती, पुन्हा वळत होती. डावं उजवं सगळं गेलं. मध्येच सेल्मरना लघवीला लागली म्हणून ॲर्डिसने इंजिन बंद केलं, आणि त्या शांततेत व्हर्लिनला आठवलं, की पिवळं यंत्र त्याच्या कोटाच्या आतल्या खिशात चालूच आहे. ऊबेत, नव्या लिथियमच्या बॅटऱ्यांवर, ठिपके काढत.

कुणाला कळणार नव्हतं. घरी जाऊन बघितलं की खरी जागा कायमची त्याची. वीस हिवाळे चिखलावर काढल्यावर एवढा हक्क तर होताच. व्हर्लिनने हात खिशात घातला, मोठं बटण अंगठ्याने चाचपलं, आणि दाबून धरलं.

तीन सूर उतरत गेले. गोठलेल्या तळ्यावर ते केवढ्याने तरी वाजले.

"काय वाजलं?" ॲर्डिसने विचारलं.

"कोंबडी," सेल्मर म्हणाले आणि गाडीत चढून बसले. "चल."

पुन्हा वळणं, पुन्हा वळसे, आणि मग गाडी थांबली. पायाने बर्फ बाजूला सारल्याचा आणि मग गिरमिटाने भोक पाडल्याचा आवाज आला.

"टोपी काढ आता," सेल्मर म्हणाले.

व्हर्लिनने टोपी काढली. समोर एक काठ होता, काठावर एक घर, घराला खिडकी, खिडकीला पिवळ्या चौकटींचे पडदे. पडदे ओळखीचे वाटले. पडद्यांच्या मधून एक रिकामी खुर्ची दिसत होती. ते त्याचंच स्वयंपाकघर होतं, दगड मारला तर काच फुटेल इतकं जवळ. जिथे गल्लीतली पोरं गळ टाकायला शिकतात, जिच्यावरून तो दर शनिवारी गाडी घालून बेटाकडे जायचा, ती ही जागा!

"पण... ड्वेनला दिसत असेल ना!"

"दिसते की," ॲर्डिस म्हणाली. "पोरांच्या जागेवर बसलेली बाई म्हणून कीव येते त्याला. दोनदा त्यानेच भोक पाडून दिलंय."

"आणि तुम्ही दर रविवारी त्या खुर्चीत..."

"राखण करत होतो," सेल्मर म्हणाले. "तोंड मिट आधी, दात गारठतील. आणि गळ सोड."

व्हर्लिनने गळ सोडला. तो अजून पडद्यांकडेच बघत होता, तेवढ्यात दांडीला असा हिसका बसला की ती हातातून सुटली, भोकाच्या कडेवर एकदा आपटली आणि सरळ पाण्यात गेली. आयुष्यात पहिल्यांदा त्याला खरा मासा लागला होता, आणि तेव्हा दांडी घट्ट धरायची असते हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

सेल्मरनी पाण्याचा डुबूक आवाज ऐकला. काही न विचारता त्यांनी आपली दांडी चाचपत त्याच्या हातात दिली.

"ही घे," ते म्हणाले. "आणि जावईबुवा, दोन्ही हातांनी धरा."